वस्तीचं कुत्रं, आपली लेकरं

संध्याकाळी विहारात वंदना संपते. लेकरं चपला शोधत बाहेर धावतात आणि पायरीशी अंग मुडपून झोपलेलं कुत्रं उठून आळोखेपिळोखे देतं. बुधवार पेठेत जा, कुमठा नाक्याला जा, विडी घरकुलात जा, हे दृश्य सगळीकडे दिसतं. कोणी त्याला मोत्या म्हणतं, कोणी काळू, कोणी टायगर. "कुणाचं आहे हो?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "कुणाचं नाही, वस्तीचं आहे."

या उत्तरात माया आहे आणि धोकाही आहे. वस्तीचं आहे म्हणून शिळी भाकरी सगळेच घालतात. वस्तीचं आहे म्हणूनच लस मात्र कुणीच टोचत नाही.

मागे एका वस्तीत आरोग्याच्या बैठकीला आम्ही बसलो होतो. विषय रक्तदाबाचा होता. उठता उठता एक ताई म्हणाल्या, "पोराला परवा पिल्लानं दात लावला. पिल्लूच आहे, रक्तसुद्धा नीट आलं नाही. हळद लावलीय. काही होणार नाही ना?" पोरगा सात वर्षांचा. घरचे मारतील म्हणून त्यानं दीड दिवस कुणाला सांगितलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं, जखम धुतली, लस सुरू झाली. चौथ्या दिवशी ते पिल्लू मेलं. कशानं मेलं ते कळायला मार्ग नव्हता, कारण तोवर कुणीतरी ते उचलून टाकलं होतं. पोरानं सगळे डोस पूर्ण केले, तो आज शाळेत जातो. पण ताईंनी त्या दिवशी विचारलंच नसतं तर? हा प्रश्न आमच्या डोक्यातून जात नाही. म्हणून या वेळचं आरोग्य पान कुत्र्यांसाठी आणि आपल्या लेकरांसाठी.

आधी रोग समजून घेऊ

कुत्रं पिसाळतं त्या रोगाचं नाव रेबीज. त्याचा विषाणू लाळेत असतो. चावा, ओरखडा, किंवा उघड्या जखमेवर चाटणं, यातून तो शरीरात शिरतो. मग मज्जातंतूंच्या वाटेनं हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुतेक वेळा एक ते तीन महिने लागतात; कधी आठवडाभर पुरतो, कधी वर्षही जातं. जखम डोक्याच्या जितकी जवळ, तितकी वाट छोटी. लेकरांची उंची कमी, त्यामुळे त्यांच्या तोंडावर, मानेवर चावा बसण्याची भीती जास्त.

विषाणू मेंदूत पोहोचला, पाणी बघून घसा आवळायला लागला, की मग जगातल्या मोठ्यात मोठ्या दवाखान्यातही खात्रीचा इलाज नाही. पण त्याआधी वेळेवर आणि पूर्ण उपचार घेतले तर रोग होत नाही. पूर्ण बचाव आणि मरण यांच्यामध्ये फक्त आपली धावपळ असते, नाहीतर आपली टाळाटाळ.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं या रोगानं मरतात आणि त्यातली जवळपास एक तृतीयांश भारतातली असतात. संशयित जनावर चावलेल्या शंभर जणांत चाळीस जण १५ वर्षांखालची मुलं असतात. बंगल्याच्या फाटकाआड खेळणारी मुलं यात थोडी. गल्लीत, नाल्याकाठी, कचऱ्याच्या ढिगाजवळ खेळणारी मुलं जास्त. हा गरिबाच्या दारचा रोग आहे, म्हणून त्याची माहितीही गरिबाच्या घरात असली पाहिजे.

चावल्यावर पहिली पंधरा मिनिटं

घाबरू नका, पण वेळही घालवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. दोन मिनिटं नाही, पंधरा. घड्याळ बघा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे आम्हाला माहीत आहे. मग बॅरलमधलं पाणी घ्या, एकानं तांब्यानं धार धरावी, दुसऱ्यानं साबण लावावा. अंगाचा साबण नसेल तर कपड्याचा चालेल. साबणानं विषाणू मरतो, पाण्यानं लाळ वाहून जाते. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा उपचार आहे, आणि तो दवाखान्यात जाण्याआधी घरीच होतो.

धुऊन झाल्यावर घरात पोव्हिडोन आयोडीन असेल तर लावा. हळद, चुना, मिरची पूड, तंबाखू, तेल, कॉफी, राख यातलं काहीही लावू नका. त्यानं आग होते आणि विषाणू आणखी आत जायला वाट मिळते. जखम घट्ट बांधू नका. टाके लगेच घालायचे नसतात. मोठी जखम असेल तर ते डॉक्टर ठरवतील.

मग थेट दवाखाना. सोलापुरात श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, सगळ्यांना माहीत आहे. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. पैसे नाहीत म्हणून थांबण्याचं कारण नाही.

डॉक्टर जखमेची प्रतवारी करतात. धड कातडीवर नुसतं चाटलं असेल तर धुणं पुरतं. ओरखडा आहे पण रक्त नाही, तर लस लागते. रक्त आलं असेल, किंवा फुटलेल्या कातडीला, तोंडाला, डोळ्याला लाळ लागली असेल, तर लशीबरोबर आणखी एक औषध लागतं. त्याचं नाव इम्युनोग्लोब्युलिन. ते जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. लशीचा परिणाम सुरू व्हायला काही दिवस लागतात, तोवर हे औषध पहारा देतं. म्हणून रक्त आलेलं असेल तर स्वतःहून विचारा, "जखमेतलं इंजेक्शन द्यायचंय का?" विचारणं हा आपला हक्क आहे. धनुर्वाताच्या इंजेक्शनाचंही विचारा.

डोस अर्धवट सोडू नका

जुन्या लोकांच्या मनात अजून बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं आहेत. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे आणि ती आपल्या देशात वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आताची लस दंडात देतात. कातडीत द्यायची पद्धत असेल तर पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा, अशा चार खेपा. स्नायूत द्यायची असेल तर चौदाव्या दिवशी आणखी एक, अशा पाच. पहिला दिवस शून्य धरून ही मोजणी होते. तारखा कार्डावर लिहून घ्या आणि कार्ड जपा.

पहिल्या दोन डोसांनंतर जखम भरते आणि माणूस म्हणतो, "आता बरं आहे." कारखान्यातला खाडा परवडत नाही, विड्यांचा हिशेब राहतो, हे सगळं खरं. पण जखम भरली म्हणजे रोग टळला असं नाही. शेवटचा डोसही तितकाच गरजेचा.

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, तान्हं बाळ, म्हातारं माणूस, सगळ्यांना ही लस चालते. पथ्य म्हणून वांगं, अंडं, मटण बंद करायची गरज नाही. चावून चार दिवस, चार आठवडे झाले असतील तरीही जा; उशीर झाला म्हणून जायचंच नाही, असं नसतं. पूर्वी पूर्ण कोर्स झालेला असेल तर नव्या चाव्याला दोनच डोस लागतात, म्हणून जुनं कार्ड फेकू नका. पाळीव कुत्र्याला लस दिलेली असली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्धास्त होऊ नका.

अंगारा नको, कायदा आपल्या बाजूला आहे

कुत्रं चावलं की मंत्र टाकणारा, गंडा बांधणारा, विष उतरवणारा कुणीतरी पुढे येतोच. चावणारी सगळीच कुत्री पिसाळलेली नसतात, त्यामुळे त्याच्याकडे गेलेले पुष्कळजण तसेही वाचतात आणि त्याचं नाव होतं. ज्याला खरंच लागण झाली, तो मात्र त्याच्यामुळे जातो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्याला दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. तपासून बघितल्याशिवाय मानायचं नाही, ही आपली वाट. आता तर कायदाही आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत हे स्वतंत्र कलम आहे: कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. शेजारी कुणी अशा माणसाकडे निघालं असेल तर भांडू नका. "ताई, आधी सिव्हिलला चला, मी येते सोबत," एवढंच म्हणा. सोबत मिळाली की पाय आपोआप वळतो.

पिसाळलेलं कुत्रं कसं ओळखायचं?

सगळ्यात मोठी खूण म्हणजे स्वभाव बदलणं. प्रेमळ कुत्रं अचानक अंगावर येतं, किंवा भुंकणारं कुत्रं कोपऱ्यात अंधारात गप्प पडून राहतं. आवाज घोगरा होतो. खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, चाल लडखडते. ते दगड, लाकूड, जे समोर येईल ते चावतं. पाण्याला भिणं ही माणसातली खूण आहे. कुत्रं पाण्याजवळ गेलं म्हणून ते पिसाळलेलं नाही असं समजू नका.

आणखी एक चूक चांगल्या मनाची माणसं करतात. लाळ गळतेय, गिळता येत नाही, म्हणजे घशात हाडूक अडकलं असेल, असं समजून तोंडात हात घालतात. असं कधीही करू नका. लांब राहा, लेकरांना घरात घ्या आणि महापालिकेला कळवा.

चावलेलं कुत्रं ओळखीचं असेल तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. दहा दिवसांनी ते ठणठणीत असेल तर चावलं त्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असं धरतात आणि पुढचे डोस डॉक्टर ठरवतात. पण दहा दिवस वाट बघून मग लस घेऊ, असं मात्र करायचं नाही. लस आजच सुरू करायची. आणि ते कुत्रं मारून टाकायचं नाही. मेलं की लक्ष ठेवायला काही उरत नाही.

लेकरांना हे शिकवा

बहुतेक कुत्री भीतीनं चावतात. ती आधी सांगतातही, पण आपल्याला त्यांची भाषा कळत नाही. कान मागे, अंग ताठ, पाठीवरचे केस उभे, ओठ वर, गुरगुर, ही सगळी "लांब हो" अशी सूचना असते. शेपूट हलतंय म्हणजे खूशच आहे असंही नाही. ताठ अंगानं, शेपूट वर करून हळूहळू हलवणारं कुत्रं रागातही असू शकतं.

खाणाऱ्या, झोपलेल्या, साखळीला बांधलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही. पिलं असलेल्या कुत्रीजवळ तर मुळीच नाही. ती आई आहे, आपल्या पिलांसाठी ती अंगावर येणारच. शेपूट ओढायचं नाही, दगड मारायचा नाही. कुत्रं धावून आलं तर पळायचं नाही. पळणाऱ्याच्या मागे धावणं हा त्याचा स्वभाव आहे. झाडासारखं स्थिर उभं राहायचं, हात अंगाशी, नजर जमिनीकडे, मग हळूहळू मागे सरकायचं. खाली पडलोच तर दगडासारखं गोळा होऊन मान आणि कान हातांनी झाकायचे. रात्रपाळी करून येणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवावं. मोटारसायकलमागे कुत्री लागली तर वेग वाढवू नका, कमी करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: "दात लागला तर लगेच सांग, तुला कुणी मारणार नाही." हे वाक्य आज रात्री जेवताना प्रत्येक लेकराला सांगा. लेकरू चावा लपवतं ते कुत्र्याच्या भीतीनं नाही, आपल्या भीतीनं.

पाळलं आहे ना? मग एवढं करा

पिल्लू दोन महिन्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नका. सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर पहिली लस आणि पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं डोस; या लशी पार्व्हो, डिस्टेंपरसारख्या रोगांसाठी. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तसा पुढचा डोस आणि दरवर्षी एकदा. पिल्लाला उलट्या आणि रक्ताची, घाण वासाची हगवण लागली तर तो पार्व्हो असू शकतो. त्यात एका दिवसाचा उशीरही जीव घेतो, लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

पिलांना जंताचं औषध लहानपणापासून लागतं, मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी. यात लेकरांचंही हित आहे. कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत जातात, मातीतून लेकरांच्या नखांत आणि नखांतून पोटात. मटणाच्या दुकानातली कच्ची फुप्फुसं, कलेजी कुत्र्याला टाकू नका. त्यातल्या गाठींमधून एक फितकृमी कुत्र्यात वाढतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात पाण्याच्या गाठी होतात. घालायचंच असेल तर चांगलं उकडून घाला.

ज्वारीची भाकरी, भात, उकडलेलं अंडं, उकडलेलं मांस कुत्र्याला चालतं. दुधानं पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना हगवण लागते. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, मनुका त्याला विषासारखे आहेत. आपली शेंगा चटणी कितीही चवदार असली तरी लसूण, मीठ, तिखट बघता ती त्याच्या भाकरीवर नको. कोंबडीची शिजवलेली हाडं फुटून आतड्यात रुततात. आपल्या घरातल्या ताप-अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला कधीही देऊ नका.

खरूज झाली की जळकं ऑइल लावायचं, गोचीड झाली की रॉकेल नाहीतर शेतातलं कीटकनाशक चोळायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. कुत्रं अंग चाटतं आणि ते विष पोटात जातं. खरजेवर आणि गोचिडांवर साधी औषधं मिळतात, पशुवैद्यकांना विचारा. जखमेत किडे पडले असतील तरी घरगुती प्रयोग नको, दवाखान्यात न्या.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून अंग गार करतं. पत्र्याखाली किंवा उन्हात साखळीला बांधून ठेवू नका. फुटक्या माठाचा तळ सावलीत ठेवून त्यात पाणी भरत राहा. धाप थांबत नाही, लाळ गळते, तोल जातो, असं दिसलं तर सावलीत आणून पोटावर, पायांवर साधं पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टरांकडे न्या.

मारून संख्या घटत नाही

वस्तीत चावे वाढले की कुणीतरी विष घालण्याची भाषा करतं. इथे जातकातली एक गोष्ट आठवते. जातककथा आम्ही पुनर्जन्माच्या नव्हे, नीतीच्या गोष्टी म्हणून वाचतो. कुक्कुर जातकात राजाच्या रथाचं चामडं रात्री कुत्री खातात. राजा हुकूम देतो: दिसेल ते कुत्रं मारा. राजवाड्यातली जातिवंत कुत्री मात्र सोडून. मग स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा म्होरक्या राजासमोर जाऊन विचारतो: खाल्लं कुणी याची चौकशी केलीस का? राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताक आणि गवत खायला घालतात आणि ती चामडं ओकतात. न चौकशी करता गरिबाला शिक्षा आणि वाड्यातल्याला सूट, हे आपल्या समाजाला वेगळं समजावून सांगायला नको.

विष घालणं गुन्हाही आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात जनावराला मारण्याबद्दल पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय त्याचा उपयोगही होत नाही. जागा मोकळी झाली की दुसरीकडची, लस न दिलेली कुत्री तिथे येतात. उपाय आहे नसबंदी आणि लस. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, सुमारे दोन महिन्यांत विते आणि एका वेळी चार-सहा पिलं देते. हिशेब तुम्हीच करा. २०२३ च्या केंद्राच्या नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेची, म्हणजे शहरात महापालिकेची आहे. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. आपल्या गल्लीतल्या किती कुत्र्यांच्या कानाला खाच आहे ते मोजा, मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज लिहा, पोच घ्या आणि पाठपुरावा करा. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर त्या भागातली रेबीजची साखळी तुटते. आणि कचरा घंटागाडीतच टाका. उघड्यावरचं शिळंपाकं जितकं जास्त, तितकी कुत्री जास्त.

शेवटी एवढंच

२० मार्च १९२७ रोजी महाडला ज्या तळ्याचं पाणी आपण प्यालो, तिथे त्याआधी जनावरांना मज्जाव नव्हता, आपल्याला होता. १९३१ साली मणिभवनात बाबासाहेबांनी गांधींना सुनावलं होतं की ज्या देशात आम्हाला कुत्र्या-मांजरांहून हीन वागवतात, तो देश आम्ही आपला कसा म्हणावा? ही जखम आपल्याला ठाऊक आहे. म्हणून कुत्र्यांच्या काळजीचा विषय निघाला की काही जण म्हणतात, "आधी माणसांचं बघा." आम्ही म्हणतो, माणसांचंच बघतोय. दोष त्या मुक्या जीवाचा कधीच नव्हता, दोष माणसाला माणूस न मानणाऱ्यांचा होता. सम्राट अशोकानं गिरनारच्या शिलालेखात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा एकाच वाक्यात लिहिली. कुत्र्याला टोचलेली लस हे त्याच्याशेजारी खेळणाऱ्या लेकराचं संरक्षण असतं.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, लस शोधणाऱ्या लुई पाश्चरचा स्मृतिदिन. त्या दिवसाची वाट न बघता येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात अर्धा तास बसा आणि गल्लीतल्या कुत्र्यांची यादी करा. "वस्तीचं आहे" याचा अर्थ "कुणाचंच नाही" असा न राहता "आपल्या सगळ्यांचं आहे" असा झाला पाहिजे.

कापून भिंतीवर लावा

१. दात किंवा नख लागलं: साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं.
२. हळद, चुना, तिखट, तेल लावायचं नाही.
३. त्याच दिवशी सरकारी दवाखाना. रक्त आलं असेल तर जखमेतल्या इंजेक्शनाचं विचारा.
४. सगळे डोस पूर्ण, कार्ड जपून.
५. कुत्र्यावर दहा दिवस नजर. लस मात्र आजच सुरू.
६. घरच्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस.
७. लेकराला सांगा: लपवू नको, कुणी मारणार नाही.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.